'शुगर' हा शब्द 'साखरे'वरून आला का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजी 'शुगर' आपल्या 'साखरे'वरून आला, की दोन्ही संस्कृत 'शर्करे'ची लेकरं? दुसरं बरोबर. पण 'शुगर' आणि 'शर्करा' दोन्हींच्या सुरुवातीला 'श' आहे हा तुमचा पुरावा मात्र टिकत नाही.

'शर्करा' म्हणजे मुळात रेव, बारीक खडे. गोडाशी काही संबंध नव्हता. खडीसाखर तळहातावर घेऊन बघा, नाव का पडलं ते कळेल. आयुर्वेदात लघवीतल्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हटलंय! प्राकृतात 'श'चा 'स' झाला, 'र्क'चा 'क्क', 'क्ख' झाला आणि आपल्याकडे साखर आली.

पश्चिमेला जाताना फारसीत 'शकर' झालं, पण अरबीत 'सुक्कर'. म्हणजे 'श' वाटेतच गळाला. अरबांनी ऊस सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला, त्यामागून शब्द गेला. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत शिरला तेव्हा 'स'च होता. पुढे इंग्रजांच्याच तोंडी 'स्यु'चा 'शु' झाला, जसा तो 'शुअर' या शब्दातही झाला. तेव्हा 'शुगर'मधला 'श' विलायती आहे, वारशाचा नाही. नुसत्या उच्चारावरून नातं जुळवणारे व्हॉट्सॲपपंडित नेमके इथे फसतात.

दुसरी फांदी ग्रीकमध्ये गेली, 'साक्खारोन'. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की हा पदार्थ दाताखाली कुडकुडतो आणि फक्त औषधाला वापरतात. 1879 मध्ये बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या सॅकरिनचं नाव याच फांदीवरचं. ('कँडी' वेगळी, ती 'खंड'वरून, म्हणजे आपल्या खांडेची बहीण.)

तिसरी फांदी मला सगळ्यात आवडते. मलबार किनाऱ्यावर 'शर्करे'चं 'चक्करा' झालं होतं. पोर्तुगीजांनी ते उचलून 'जागरा' केलं आणि इंग्रजांनी 'जॅगरी'. गुळाचं इंग्रजी नाव ते हेच.

परवा घरी चिक्कीचं पाकीट आलं. वर ठळक अक्षरांत छापलंय, 'नो शुगर, ओन्ली जॅगरी'. आता हे संस्कृतात करून वाचा: शर्करा नाही, फक्त शर्करा.