सुपारी नसेल त्या महिन्यात काय?

प्रश्न : भाऊ, आमच्याकडे वहीगायनाच्या (डफावर गायच्या खानदेशी लोककलेच्या) पार्ट्या आहेत, जत्रा-लग्नसराईत सुपाऱ्या मिळतात पण पावसाळ्यात सगळे शेतमजुरीला, बाहेरच्या देशात सरकार कलाकारांना पोसतं म्हणतात ते खरंय का? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : पोसतं असं नाही, पण रिकामे महिने धरून हिशोब करतं. फ्रान्समध्ये नाटक-संगीतवाल्यांनी 12 महिन्यांत 507 तास पगारी काम दाखवलं की मधल्या बेकारीत भत्ता मिळतो. आयर्लंडने तर 2022 मध्ये 2000 कलाकारांना आठवड्याला 325 युरो सुरू केले, आणि पात्र अर्जांतून नावं चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढली! मला हे जाम आवडलं, नाहीतर वशिला आलाच. जर्मनीत विमा-पेन्शनचा अर्धा हप्ता कलाकार भरतो, बाकीचा सरकार आणि त्याच्याकडून काम घेणाऱ्या कंपन्या. अमेरिकेत मात्र सरकारी पैशापेक्षा देणग्यांवर भिस्त जास्त.

आपल्याकडे मानधन आहे पण ते ज्येष्ठ कलाकारांना, तिशीतल्या डफवाल्याने आषाढात काय करायचं? आणि फ्रान्ससारखं करायचं म्हटलं तरी तासांचा कागद लागतो, आपल्या सुपाऱ्या तोंडी अन् विसार रोख हातात. म्हणून पार्टीच्या आबांना सांगा, निदान या सीझनपासून प्रत्येक सुपारीची पावती फाडा.