‘कॅम्पी’ म्हणजे भडक नव्हे

एका वाचकाने विचारले आहे की, भयविनोदी चित्रपटांविषयी लिहिताना ‘कल्ट’ आणि ‘कॅम्पी’ ही विशेषणे हल्ली जोडीनेच येतात. त्यांपैकी ‘कॅम्पी’ला मराठीत ‘भडक’ म्हणावे का, आणि असल्या चित्रपटांची पुढे संगीत नाटके का होतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘मुळीच नाही’ असे आहे. स्वस्तात उरकलेला, फसलेला, रबराचे भूत नाचवणारा कोणताही चित्रपट दिसला की त्याला ‘कॅम्पी’ म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय समीक्षकांपासून सर्वांनाच जडली आहे आणि तिचा मला मनस्वी त्रास होतो. फसलेला चित्रपट फसलेलाच असतो. भडकपणा हा रंगाचा किंवा चवीचा दोष आहे. ‘कॅम्प’ ही उभे राहण्याची एक रीत आहे, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नसून व्युत्पत्तीच्या आधारे म्हणतो.

छावणी, लष्कराचा कॅम्प, मुलांचे शिबिर हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. लॅटिन ‘कांपुस’ म्हणजे मैदान. त्यावरून फ्रेंचमध्ये तळ ठोकण्याला ‘काँपे’ म्हणू लागले, आणि पुढे ‘स काँपे’ म्हणजे स्वतःलाच तळासारखे रोवून, पाय घट्ट मांडून समोरच्यापुढे ऐटीत उभे राहणे. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६७१ सालच्या प्रहसनात स्कापँ हा बिलंदर नोकर सिल्व्हेस्त्र नावाच्या दुसऱ्या, भित्र्या नोकराला गुंडाचे सोंग घ्यायला शिकवतो : टोपी खाली ओढ, एका पायावर ठाण मांड, हात कमरेवर ठेव, डोळे वटार, नाटकातल्या राजासारखा थोडा चालून दाखव. यातल्या ‘ठाण मांड’च्या जागी मोलिएरने हेच क्रियापद वापरले आहे. पुढे हा सिल्व्हेस्त्र म्हाताऱ्या आर्गांतपुढे तलवार परजत येतो, तेव्हा आर्गांतची खरोखर गाळण उडते आणि प्रेक्षक खदखदून हसतात, कारण तो हात कमरेवर कसा गेला ते त्यांनी आधीच्या अंकात पाहिलेले असते.

इंग्रजीत हा शब्द या अर्थाने कोशात आला तो १९०९ साली, वेअर यांच्या बोलीभाषेच्या कोशात. तिथे त्याचा अर्थ अतिरेकी ठसक्याचे हावभाव असा दिला असून तो बहुधा फ्रेंचमधून आला असावा, असेही म्हटले आहे. त्यानंतरचे थोरले इंग्रजी कोश मात्र ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ एवढे लिहून थांबतात. त्यांची सावधगिरी मला समजते, पण पटत नाही. हा शब्द पोलिसांच्या नोंदीतल्या कुठल्याशा आद्याक्षरांपासून बनला, ही कथा तर कोणी सांगूही नये. आद्याक्षरांच्या बहुतेक कथा शब्द रूढ झाल्यानंतर रचलेल्या असतात, तशीच हीही आहे.

मराठी माणसाला ही फ्रेंच व्युत्पत्ती चटकन पटायला हवी, कारण तीच जोडी आपल्या भाषेत शाबूत आहे. सैन्याची चौकी ती ‘ठाणे’ आणि शरीराचा पवित्रा तो ‘ठाण’. दोन्ही संस्कृत ‘स्थान’पासून आलेले. नाट्यशास्त्रात पुरुषपात्रांनी उभे राहण्याच्या ज्या सहा रीती सांगितल्या आहेत, वैष्णव, समपाद, वैशाख, मंडल, आलीढ आणि प्रत्यालीढ, त्यांना ‘स्थान’ असेच नाव आहे. ज्ञानेश्वरांच्या अभंगातला वेणू वाजवणारा गोविंदही ‘त्रिभंगी देहुडा ठाण’ मांडूनच उभा आहे. याउलट ‘छावणी’ शब्दाच्या पोटात छावणे, म्हणजे शाकारणे आहे, आणि शाकारण्यातून पवित्रा निघत नाही. तळ ठोकण्यापासून ऐटीपर्यंतचा जो प्रवास फ्रेंच क्रियापदाने केला, तोच ‘स्थान’ने आपल्याकडे स्वतंत्रपणे केला, ही गोष्ट मला विलक्षण आनंदाची वाटते.

आता अमेरिकी लेखिका सुझन सॉन्टॅग. १९६४ सालच्या त्यांच्या ५८ टिपांच्या निबंधाने हा शब्द जगभर नेला, आणि त्यातली निरीक्षणे आजही तीक्ष्ण आहेत. परंतु शुद्ध कॅम्प हा नेहमी अजाणताच घडतो आणि जाणूनबुजून केलेला कॅम्प सहसा कमी समाधान देतो, हे त्यांचे मत मला साफ चुकीचे वाटते. ‘फसलेला म्हणजे कॅम्पी’ या गैरवापराला जो विद्वत्तेचा टेकू मिळाला, तो याच टिपेतून मिळाला. सिल्व्हेस्त्रचे ठाण शिकवलेले होते, तालीम करून बसवलेले होते. आणि हसू येते ते ती तालीम आपण पाहिली म्हणूनच.

‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ हे उदाहरण घ्या. रॉजर कॉर्मन यांनी १९६० साली या चित्रपटाचे मुख्य चित्रीकरण दोन दिवस आणि एका रात्रीत उरकले. फुलांच्या दुकानातला एक बावळट नोकर माणसाच्या रक्तावर वाढणारे रोपटे पाळतो, एवढीच कथा. ‘खायला घाल’ म्हणून ओरडणाऱ्या त्या रोपट्याला आवाजही पटकथाकार चार्ल्स ग्रिफिथ यांनी स्वतःच दिला. १९८२ साली हॉवर्ड अ‍ॅशमन यांनी संहिता व गीते आणि अ‍ॅलन मेंकन यांनी संगीत देऊन त्याचे संगीत नाटक केले, ते न्यूयॉर्कच्या एका छोट्या नाट्यगृहात पाच वर्षे चालले. अ‍ॅशमन यांनी नटांसाठी लिहून ठेवले आहे की, संहितेने थट्टेचा सूर आधीच धरलेला आहे, तेव्हा नटांनी तो धरू नये. त्यांनी साधेपणाने आणि प्रामाणिकपणेच काम करावे. उपनगरातल्या छोट्याशा घराचे स्वप्न पाहणारी नायिका ऑड्री त्या स्वप्नाचे गाणे मन लावून गाते, म्हणूनच आपण एकाच वेळी हसतो आणि गलबलतो. डोळा मारत गायलेले तेच गाणे मेलेले असते. ठाण मांडायचे तर पाय घट्टच रोवावे लागतात.

फ्रँक ऑझ यांनी १९८६ साली या नाटकाचा चित्रपट केला. त्यातल्या रोपट्याच्या अजस्र बाहुलीचे ओठ गाण्याच्या गतीने हलवता येईनात, म्हणून ती प्रसंगचित्रे सेकंदाला २४ ऐवजी १२ किंवा १६ चौकटींनी टिपली, म्हणजे नेहमीच्या गतीने दाखवताना ओठ वेगाने हलताना दिसतील, आणि शेजारी उभ्या असलेल्या नटांना त्याच हिशेबाने संथ अभिनय करावा लागला. नाटकात रोपटे नायक-नायिकेला खाऊन टाकते. चित्रपटातही तसेच चित्रित केले होते, पण चाचणी-प्रेक्षकांना ते सोसले नाही, आणि शेवट बदलून गोड करावा लागला. मूळ शेवट २०१२ साली परत जोडला गेला. ऑझ यांनी दिलेले कारण माझ्या मताला बळकटी देणारे आहे : रंगभूमीवर मेलेले नट शेवटी अभिवादनाला बाहेर येतात, चित्रपटात ते येत नाहीत.

संगीत नाटकाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. गाणे सुरू झाले की नट संवाद सोडतो, पुढे येतो, पाय रोवतो आणि थेट प्रेक्षकांकडे तोंड करतो. भीतीच्या प्रसंगात असे ठाण मांडले की भीती आणि तिचे सोंग दोन्ही एकाच क्षणी दिसतात. पडद्यावर बाहुलीच्या तारा लपवाव्या लागतात, रंगमंचावर तिच्या आत माणूस आहे हे ठाऊक असूनच आपण दचकतो. ‘ईव्हिल डेड’ या भयपटावरच्या संगीत नाटकात पुढच्या रांगांवर खोटे रक्त उडवले जाते आणि लोक मुद्दाम त्याच रांगांची तिकिटे घेतात, तेही यामुळेच.

‘कल्ट’विषयी थोडक्यात सांगतो : लॅटिनमध्ये त्याच्या मुळाशी मशागत करणे आणि त्यावरून पूजा करणे असे दोन्ही अर्थ आहेत, तेव्हा पहिल्याच आठवड्यात गल्ला भरणाऱ्या चित्रपटाला तो शब्द लावू नये. ‘कॅम्पी’ मात्र मराठीत तसाच लिहावा. वाक्यात उलगडून सांगायचे असेल तर ‘ठाण मांडून रंगवलेला’ असे म्हणता येईल. ‘भडक’ आणि ‘थिल्लर’ हे शब्द ज्या चित्रपटांना खरोखर लागू पडतात, त्यांच्यासाठी राहू द्यावेत. रामदास पाध्ये यांनी घडवलेला १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू या अर्थाने नक्कीच कॅम्पी आहे, कारण ती बाहुली आहे हे आपण एक क्षणही विसरत नाही आणि तिचा खुनशीपणाही एक क्षण ढिला पडत नाही.