आरोग्यसेवा पूर्णपणे केंद्र सरकारच्या ताब्यात दिली, तर सांगली जिल्ह्यातल्या शिराळा किंवा जतच्या आरोग्य केंद्रात औषधं वेळेवर मिळतील का?

नाही, निव्वळ तेवढ्याने मिळणार नाहीत. कुठे काय आणि किती लागतं हे जिल्ह्यानेच ठरवायला हवं. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा घटनेप्रमाणे राज्याचा विषय आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायत राज संस्थांकडे सोपवायच्या विषयांत घातली आणि आपल्याकडे ती जिल्हा परिषदच चालवते. पैसा मात्र वरून येतो: राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के उचलतं. काम खाली आणि तिजोरी वर, खरी अडचण ही आहे.

पावसाळ्यात शिराळ्याकडे भात भांगलताना बाईला घोणस चावली, तर सर्पदंशावरचं प्रतिविष जवळच्या केंद्रातच हवं, कारण विष रक्तात भिनत असताना सांगलीपर्यंतचा रस्ता फार लांब पडतो. जतला उन्हाळ्यात टँकरचं पाणी पिऊन जुलाब लागतात, तिथे आधी ओआरएस आणि सलाईन लागतं. दोन्ही तालुक्यांना एकाच मापाने साठा वाटला, तर एकीकडे मुदत संपलेल्या बाटल्या उरतात आणि दुसरीकडे माणूस हकनाक जातो.

एक मात्र मान्य करायला हवं: लसीकरण, साथनियंत्रण आणि मोठी औषधखरेदी एकत्र केलेलीच बरी. पोलिओ तसाच हटला. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

तक्रार करायची असेल तर प्राथमिक केंद्राची जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे करा, ग्रामीण रुग्णालयाची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.