‘सळया मोजायला शिकवलं का त्याला?’

नमस्कार. ऐरोलीहून आलेलं तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मुलाने सिव्हिलचा डिप्लोमा ७१ टक्क्यांनी पूर्ण केला, घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या साइटवर त्याला स्टोअर आणि क्वांटिटीच्या, म्हणजे माल सांभाळण्याच्या आणि त्याच्या मोजमापाच्या, कामावर घेतलं. आता तुम्ही विचारताय की नोकरी सोडायला लावून कॉम्प्युटरच्या पदवीला घालू, की सरकारी परीक्षांना बसवू?

गुणांची मला काळजी नाही. ‘सळया मोजायला शिकवलं का त्याला?’ असं तुम्ही जेवताना त्याच्यासमोर म्हणालात आणि तेव्हापासून तो घरी साइटचं काहीच बोलत नाही, हे वाचून मात्र मी थांबले. त्याच पत्रात ओझरतं येतं की तुम्ही स्वतः २८ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात स्टोअरकीपर होतात. त्या खुर्चीत बसून जे बोलणं खाल्लंत, ते मुलाच्या वाट्याला येऊ नये, ही तुमची तळमळ मला कळते. पण त्याला ती कशी कळणार? माझ्या कामाची बाबांना लाज वाटते, एवढंच त्याच्यापर्यंत पोचलं आहे. त्याला काय हवंय, हे दोन पानी पत्रात कुठेच नाही. तो रात्री अकरापर्यंत वहीत सळयांचे तुकडे जुळवत बसतो, एवढं मात्र आहे.

ते तुकडे जुळवणं म्हणजे काय, ते समजून घ्या. साइटवरचा माल वाया जातो तो चोरीमुळे, म्हणजे स्टोअरवाला हा शिकलेला वॉचमन, असा तुमचा समज दिसतो. चोरी होते, नाही असं नाही. पण बराच माल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, हिशेब न केल्याने जातो. सळई १२ मीटरची येते. ४.३ मीटरचे दोन तुकडे कापले की ३.४ मीटर उरते आणि भंगारात जाते, म्हणजे सळईचा चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग. कापण्याआधीच कुणी बीबीएस, म्हणजे कुठे किती लांबीची सळई लागणार याची यादी, पाहून ३.३ मीटरचा तुकडा दुसऱ्या बीमसाठी त्यातच बसवला, तर वाया जाते फक्त १० सेंटिमीटर. भिंत ओळंब्यात नसली की १२ मिलिमीटरचा गिलावा २० वर जातो. १०० चौरस मीटरला १.२ घनमीटर मसाल्याऐवजी २ घनमीटर लागतो. स्टील विकत घेतात वजनावर, ड्रॉइंगमध्ये असतं लांबीवर. १६ मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला १.५८ किलो धरतात, पण भारतीय मानकानुसार त्यात ५ टक्के कमी-जास्त चालतं. सळई जड आली तर तेवढ्याच लांबीला जास्त पैसे मोजले जातात. तुमचा मुलगा हे पकडायला शिकतोय. क्वांटिटी सर्व्हेअर, बिलिंग इंजिनिअर, पुढे कॉस्ट कंट्रोल, ही वाट इथूनच जाते.

तेव्हा नोकरी सोडायला लावू नका, हे माझं स्पष्ट मत. अट एकच: वर्षभरानंतरही त्याला नुसती आलेल्या मालाची चलनं लिहायला बसवत असतील आणि महिन्याचा हिशेब, म्हणजे ड्रॉइंगप्रमाणे किती लागायला हवं होतं आणि प्रत्यक्षात किती लागलं, त्याच्या हाती देत नसतील, तर त्याने साइट बदलावी. पदवी हवी असेल तर डिप्लोमाच्या गुणांवर थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळतो, कनिष्ठ अभियंत्याच्या भरत्याही आहेत. पण ते त्याने ठरवायचं. कॉम्प्युटरचा विषय सोडून द्या, त्याने तो मागितलेलाच नाही.

मला खरी धास्ती वेगळीच वाटते. काट्यावर वजन कमी भरलेल्या गाडीच्या चलनावर सही कर, असा दबाव या वयाच्या मुलांवर येतो. तेव्हा काय करायचं, हे त्याला कॉलेजात कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही २८ वर्षं ते सांभाळलंत. रविवारी त्याची वही मागून घ्या आणि तुमच्या स्टोअरमध्ये अशी गाडी आली की तुम्ही काय करायचात, ते त्याला सांगा.