आरती येते, पण पाणी मागता येत नाही. गाण्याने वाचा परत येईल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मोटरसायकलवरून पडून वडिलांच्या मेंदूला डाव्या बाजूला मार बसला, त्याला तीन महिने झाले. बोललेलं कळतं, पण साधं पाणी मागता येत नाही. मात्र कुणी 'ज्योतिबाच्या नावानं' म्हटलं की 'चांगभलं' खणखणीत येतं, गणपतीची आरतीही येते. मग दिवसभर भजनं लावली तर बोलू लागतील का?

नुसती लावून नाही. आरती आणि चांगभलं हे वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं, आपोआप येणारं बोलणं आहे. ते आलं म्हणजे वाचा आली असं नव्हे, पण सुराची वाट उघडी आहे एवढं नक्की. त्या वाटेनं कामाचे शब्द आणायचे आणि मग सूर हळूहळू काढून घ्यायचा. १९७३ साली बॉस्टनच्या तज्ज्ञांनी मांडलेली मेलोडिक इंटोनेशन थेरपी ती हीच. समजतं पण शब्द फुटत नाही, अशांसाठी ती आहे. घडाघडा पण अर्थहीन बोलणाऱ्यांना तिचा उपयोग होत नाही. म्हणून आधी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या स्पीच थेरपिस्टकडून तपासून घ्या आणि घरचा सराव त्यांना विचारूनच सुरू करा.

वाक्य वडिलांच्या तोंडचंच घ्या. ते 'पायजे' म्हणत असतील तर 'पाहिजे' शिकवू नका. 'पाणी पायजे': पा, णी, पाय, जे, असे चार ठोके. सूर दोनच, सा आणि कोमल ग. कोल्हापुरात, देवल क्लबसारख्या जुन्या संगीत संस्थेच्या गावात, पेटी मिळायला अडचण नाही. काळी एकला सा धरला तर कोमल ग पांढरी तीनवर येतो. बोलताना आवाज जिथे वर चढतो ते अक्षर ग वर, बाकीची सा वर. समोर बसा, त्यांचा डावा हात हातात घ्या आणि दर अक्षराला टेबलावर एक ठोका द्या, साधारण सेकंदाला एक.

आधी तुम्ही दोनदा नुसतं गुणगुणा. मग दोघांनी मिळून गा. मग अर्ध्यावर तुम्ही थांबा, उरलेलं त्यांना पुरं करू द्या. ते जमलं की तुम्ही गायचं, त्यांनी मागून म्हणायचं. शेवटी 'काय पायजे?' विचारा आणि गप्प बसा. सहा-सात सेकंद थांबणं घरच्यांना फार जड जातं, पण इथंच सगळं आहे. अडले तर एक पायरी मागे या, 'नीट म्हणा' म्हणू नका. पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा, टीव्ही बंद ठेवून. मान वळवली, चिडले, डोळे मिटले की थांबा; मेंदू थकलेला असतो.

ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवण्याची चूक बहुतेक घरांत होते. आरतीच्या चालीत 'पाणी पायजे' बसवलं की तोंडातून आरतीच येते. म्हणून चाल कोरी हवी. पाच-सहा वाक्यं पक्की झाली की गाण्याऐवजी ओढून बोलणं, मग साधं बोलणं.

गाणी ऐकणं वाया जातं असं नाही. २००८ साली फिनलंडमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांनी दोन महिने रोज किमान तासभर आवडीची गाणी ऐकली, तेव्हा शब्दांची स्मृती आणि लक्ष अधिक सुधारलेलं दिसलं. तो पक्षाघात होता, अपघात नव्हे. तरी आवाज मंद ठेवून, त्यांच्या पसंतीचं, आणि सरावाच्या वेळी अजिबात नको. डोक्याच्या मारानंतर मोठा आवाज सोसत नाही; घर महाद्वार रोडजवळ असेल तर विसर्जनाच्या दिवशी त्यांना गल्लीपासून लांबच्या पाहुण्यांकडे न्या.

गाताना किंवा ऐकताना नजर एकटक झाली, हात-तोंड झटकू लागलं तर गाणं ताबडतोब बंद करून एका कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर लगेच हॉस्पिटल गाठा; थांबला तरी न्यूरोलॉजिस्टना त्याच दिवशी कळवा.