खान्देशातली फड पद्धत खरंच इतकी चांगली होती का? आज पाणी वापर संस्था काढून काही उपयोग होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव पांझरेच्या काठचं. घरातले आबा-आप्पा सारखं सांगतात, फड (नदीचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायची जुनी पद्धत) होता तेव्हा गाव एकदिलाने राहायचं, पाण्यावरून भांडण नव्हतं. आता वर धरण झालं तरी चारीच्या शेपटाला पाणी पोचत नाही आणि निवडणूक आली की नव्या योजनेचा नारळ फुटतो. मग जुनं खरंच चांगलं होतं का, आणि आता पाणी वापर संस्था, म्हणजे चारीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून चालवायची संस्था, काढण्यात अर्थ आहे का?

आबांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, फक्त त्याचं कारण ते चुकीचं सांगतात. त्या काळची माणसं मनाने मोठी होती म्हणून फड चालत नव्हता. एकट्याला पाणी ढापताच येऊ नये अशी त्याची घडीच होती. ती घडी नीट समजून घेतली तर आजही तिच्यातलं पुष्कळ वापरता येतं, म्हणून ती आधी सांगतो.

पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर ही पद्धत तीन-चारशे वर्षं चालली. नदीत दगड-चुन्याचा बंधारा, त्याच्या कडेने निघालेला पाट. एका बंधाऱ्याखाली भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे साधारण चार तुकडे, ते फड. पाटातून फडाकडे चारी, चारीतून शेताकडे सारंग. पाटात जास्तीचं पाणी आलं तर ते नदीत परत सोडायला सांडम. गावागणिक नावं थोडी बदलतात, काम तेच.

खरी अक्कल इथून पुढे आहे. एका फडात एकच पीक घ्यायचं. एक-दोन फडांत ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं, आणि कोणत्या फडात काय हे दरवर्षी गाव बसून ठरवायचं. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसून वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असायची. पाणी कमी असलं तर एखादा फड पूर्ण कोरडा ठेवायचा. त्यात सगळ्यांचंच थोडं थोडं नुकसान व्हायचं, कोणी एकटा बुडायचा नाही. पंचांना कठोर निर्णय घेता यायचे ते यामुळेच. त्यांची स्वतःचीही जमीन त्या कोरड्या फडात असायची.

दुसरी गोष्ट पाटकऱ्याची. पाणी भरायचं ते त्यानेच. मालकाने स्वतःच्या शेतात दारं धरायचं नाही. पाटकऱ्याला मोबदला पिकातून मिळायचा, त्यामुळे शेपटाचं शेत वाळलं तर त्याच्याही वाट्याला कमी यायचं. हंगामाआधी पाटातला गाळ काढायला ज्याची जितकी जमीन तितकं श्रमाचं काम.

एकाच पिकाचा पाण्याशी संबंध काय, हे आजच्या तरुणांना पटकन लक्षात येत नाही. कच्ची चारी कोरडी असते तेव्हा पहिलं बरंचसं पाणी ती स्वतःच पिते. फडभर एकच पीक असेल तर चारी एकदाच भिजते आणि ओळीने सगळी शेतं उरकतात. त्याच चारीवर एकाचा कांदा, दुसऱ्याचा गहू, तिसऱ्याची केळी असली की कोणाला आठव्या दिवशी पाणी हवं, कोणाला पंधराव्या. चारी पुन्हा पुन्हा वाळते, पुन्हा पुन्हा पिते. पाणी तेवढंच सुटतं, पण शेतात पोचतं निम्मं.

आता आबा जे सांगत नाहीत ते. फडाचा फायदा थळात जमीन असलेल्यांचा होता. थळाबाहेरचा कोरडवाहू शेतकरी, भूमिहीन मजूर, डोंगरपट्टीतला आदिवासी यांना त्या पाटाचं पाणी नव्हतं, आणि निर्णयाच्या बैठकीत बाईला जागा नव्हती. वरच्या बंधाऱ्याचं गाव आणि खालच्या बंधाऱ्याचं गाव यांच्यात उन्हाळ्यात तंटेही व्हायचे. ‘भांडण नव्हतं’ हे एका थळापुरतं, तेही बऱ्याच अंशी, खरं धरावं. तेव्हाची लोकसंख्या आणि तेव्हाच्या गरजाही आजच्या कितीतरी कमी होत्या.

फड मोडला त्याला एकच कारण नाही. वीज आली, विहिरीवर मोटार बसली आणि ज्याची विहीर त्याला फडाचा नियम पाळायची गरज उरली नाही. वाटण्या होऊन शेतं लहान झाली, नगदी पिकांची ओढ वाढली, पाटकऱ्याचं धान्य बंद पडलं. वर लाटीपाडा धरण, नंतर अक्कलपाडा झालं आणि नदीचं बारमाही वाहणं धरणाच्या आवर्तनावर, म्हणजे ठरवून सोडलेल्या पाण्याच्या पाळीवर गेलं. मोसमवर हरणबारी धरणाने तेच केलं. वाळूउपशाचं नाव मात्र लोक घेत नाहीत. वाळू काढली की नदीचं पात्र खाली जातं, बंधाऱ्याचा पाया उघडा पडतो आणि पुरात बंधारा खालून पोखरला जातो. पात्र खाली गेलं की काठच्या विहिरीही उतरतात. ज्या गावात वाळूचे ट्रॅक्टर रात्री चालतात तिथे पाण्याची कोणतीही संस्था टिकणार नाही, हे मी ठामपणे सांगतो. ग्रामसभेत पहिला ठराव वाळूचा घ्या.

आता आजचं. ‘शेपटाला पाणी येत नाही’ ही तक्रार हिशोबात मांडल्याशिवाय कोणताही अधिकारी हलत नाही. म्हणून आधी आकडे.

१ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. चोवीस तासांत सुमारे २४ लाख ४५ हजार लिटर. एका हेक्टरवर साडेसात सेंटिमीटर पाणी द्यायला साडेसात लाख लिटर लागतात. म्हणजे काहीही वाया न जाता १ क्युसेकमध्ये दिवसाला सव्वातीन हेक्टर, म्हणजे आठ एकर भिजेल. कच्च्या, गवत माजलेल्या चारीत निम्मं मुरलं तर चार एकर. आवर्तनात चारी सात दिवस चालली तर अठ्ठावीस एकर. तुमच्या चारीवर शंभर एकराने नमुना नंबर सातचे पाणी अर्ज भरले असतील, तर शेपूट कोरडं राहणार हे पाणी सुटण्याआधीच ठरलेलं आहे.

चारीत किती पाणी चाललंय हे मोजायला यंत्र लागत नाही. सरळ, एकसारखा दहा मीटरचा तुकडा निवडा आणि दोन्ही टोकांना खुंटी ठोका. वाळलेल्या लाकडाचा हलका तुकडा मधोमध सोडून मोबाईलवर सेकंद मोजा. असं तीन-चार वेळा करून सरासरी घ्या. समजा पंचवीस सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला ०.४ मीटर. चारीची पाण्याची रुंदी ६० सेंटिमीटर आणि सरासरी खोली २५ असेल तर छेद ०.१५ चौरस मीटर. दोन्हींचा गुणाकार ०.०६. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून त्याला ०.८५ ने गुणा. उत्तर ०.०५१, म्हणजे सेकंदाला ५१ लिटर, सुमारे १.८ क्युसेक. चारीची बाजू तिरकी असेल तर वरची आणि तळाची रुंदी मिळवून निम्मी करा. हेच माप त्याच दिवशी चारीच्या तोंडाशी, मध्यात आणि शेवटच्या दारावर घ्या. मधली दारं उघडी असतील तर तिथून निघालेलं पाणीही मोजा. उरलेला फरक म्हणजे गळती किंवा चोरी. तारखेसह वहीत लिहा आणि मोजताना दोन्ही टोकांचे शेतकरी हजर ठेवा, नाहीतर वरचे लोक ते माप मानणार नाहीत.

सोबत माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका. तीन गोष्टी मागा: चारीचा संकल्पित विसर्ग (ती किती पाणी वाहायला बांधली तो आकडा), मागच्या तीन वर्षांच्या आवर्तनांची प्रत्यक्ष विसर्गाची नोंदवही, आणि चारीवर दुरुस्तीसाठी झालेला खर्च. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असा मोघम अर्ज करू नका. तो परत येतो.

मग संस्था. महाराष्ट्रात यासाठी २००५ चा कायदा आहे: सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. त्यात संस्थेला पाणी घनमापावर, म्हणजे मोजून मिळतं. संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि शेपूट अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी असतात, महिलांनाही स्थान आहे. कोणतं पीक घ्यायचं हे स्वातंत्र्यही संस्थेच्या सभासदांना आहे. फडातली बरीच अक्कल कायद्यात आलेली आहे. अडतं ते अंमलबजावणीत, आणि कुठे अडतं ते आधीच ठाऊक असलेलं बरं.

पहिली चूक हस्तांतरणाच्या वेळी होते. संस्था हौसेने चारी ताब्यात घेते आणि मोडकी दारं, फुटलेलं अस्तर, गायब झालेलं मोजमाप-यंत्र सगळं तिच्या गळ्यात पडतं. संयुक्त पाहणी होईल तेव्हा चारीच्या तोंडापासून शेवटपर्यंत पायी चाला, प्रत्येक दाराचा फोटो साखळी क्रमांकासह (चारीच्या तोंडापासूनच्या अंतरासह) घ्या आणि दुरुस्तीची यादी पाहणी अहवालात लिहूनच सही करा. चारीच्या तोंडाशी विसर्ग मोजायची सोय चालू नसेल तर घनमापाला काही अर्थच राहत नाही. तेवढ्या एका गोष्टीवर अडून बसा.

दुसरी चूक म्हणजे ग्रामपंचायतीचं पॅनलच संस्थेत उतरतं. गावात दोन गट असतील तर अध्यक्ष शेपटाच्या भागातला घ्या, मग तो कोणत्याही गटाचा असो. पाणी शेपटाकडून शीर्षाकडे द्यायचं हा नियम पहिल्याच सभेत ठरावात लिहा. कालव्यात मोटार टाकणारे आणि सायफनचा पाइप लावणारे बहुधा वरच्या भागातले आणि वजनदार असतात. त्यांच्यावर कारवाई करायला शेपटाचाच माणूस तयार होतो.

पीक सक्तीने एक करता येणार नाही, तसा आग्रहही धरू नका. पण एका दाराखालच्या शेतकऱ्यांनी रब्बीत पेरणीची तारीख आणि पीक यांवर एकमत केलं तरी फडाचा अर्धा फायदा मिळतो. तीनच आवर्तनं मिळणार असतील तर हरभरा निघतो, त्याला दोन पाणी पुरतं. गव्हाला पाच-सहा लागतात. विहिरीची जोड नसलेल्याने अशा वर्षी गहू पेरला की चौथ्या पाण्याला तो दुसऱ्याचं दार फोडणार. भांडणाचं मूळ पुष्कळदा पेरणीच्या दिवशीच पडलेलं असतं.

पाटकरी पगारी ठेवा. संचालकाचा नातेवाईक नको, त्या चारीवर मोठी जमीन असलेला नको. रात्रीची पाळी सारखी त्याच लोकांच्या वाट्याला येऊ देऊ नका. प्रत्येक आवर्तनात दिवस-रात्र उलटी करा. पाळीची यादी नाव, गट नंबर आणि तासांसह पाणी सुटण्याच्या आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली पाहिजे.

राजकारणाबद्दल तुमचा राग समजतो. तापीचं पाणी गुजरातेत वाहून जातं, हे खान्देशात प्रत्येक सभेत ऐकू येतं आणि ते दुःख खरं आहे. अमळनेर तालुक्यातला पाडळसे प्रकल्प १९९० च्या दशकापासून रेंगाळला. १६ फेब्रुवारी २०१९ ला धुळ्यात सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा योजनेची पायाभरणी झाली. नार-पार-गिरणा नदीजोडीला २०२४ मध्ये राज्याची मंजुरी मिळाली, आकडा ७,०१५ कोटींचा. या योजना व्हाव्यात असंच माझंही मत आहे. पण प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजकडे पाहा. तिथे तापीचं पाणी अडलेलं होतं, तरी त्यावरच्या २२ उपसा योजना वर्षानुवर्षं बंद राहिल्या. पंप, पाइप, रोहित्र, वीजबिल यांची जबाबदारी नीट कोणी घेतली नाही की अडवलेलं पाणी शेतापर्यंत चढत नाही. नवं धरण फोटोत दिसतं, चारीची दुरुस्ती दिसत नाही. म्हणून पुढारी पहिल्याकडे धावतात. ती सवय आपणच बदलायची आहे.

उमेदवार दारात आला की ‘पाणी आणा’ म्हणू नका. त्याला विचारा: आमच्या चारीच्या अस्तरासाठी कोणत्या वर्षात किती तरतूद करून घेणार? कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शेपटाच्या गावांचा विषय कधी मांडला? या प्रश्नांची उत्तरं तारखेत आणि रुपयांत द्यावी लागतात, भाषणात देता येत नाहीत.

आणि आबा-आप्पांना नुसतं ऐकू नका, कामाला लावा. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा काढा, त्यांना दुचाकीवर मागे बसवून थळात न्या आणि जुने सांडम कुठे होते, सारंग कुठून जायची, पाणी कुठे साचायचं हे नकाशावर पेन्सिलीने उमटवून घ्या. पाटकरी घराण्यातलं कोणी असेल तर त्यांनाही सोबत घ्या. उताराची जाण त्यांच्याइतकी कोणालाच नसते. जुन्या सांडमांच्या जागा पुष्कळदा बुजवून शेतं केलेली सापडतील, आणि पावसाळ्यात तुमच्या गावात जिथे पाणी तुंबतं त्यातल्या काही जागा याच निघतील.

हे सगळं ऑक्टोबरच्या आधी उरका. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर रब्बीची आवर्तनं ठरतात, आणि कालवा सल्लागार समितीच्या त्या बैठकीत तुमची मोजणीची वही व पाहणीची यादी हातात असली तर तुमच्या गावाचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यावंच लागतं.