बिकानेरला जायचंय, पण तिथं मला काही झालं तर?

“मॅडम, एवढ्या लांब, ओळखीचं कुणी नाही, आणि रात्री मला काही झालं तर?” हा प्रश्न समुपदेशनाला बसलं की महिन्यातून दोन-तीनदा तरी समोरच्या खुर्चीतून येतोच, फक्त जागा बदलते. कुणाला लडाख, कुणाला परदेशात लेकीकडे. या काकांच्या बाबतीत बिकानेर होतं, आणि ती केस मला जास्त शिकवून गेली म्हणून लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय, त्यांनी स्वतः वाचून हो म्हटलंय.

काका अठ्ठावन्नचे, नुकतेच रिटायर झालेले. दीड वर्षापूर्वी एका रात्री अडीचला दचकून उठले, छातीत धडधड, घाम, बोटांना मुंग्या, आता गेलोच असं वाटून काकूंना हलवलं, रात्रीच अ‍ॅडमिट झाले. ईसीजी, टूडी इको, नंतर स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. पॅनिक अटॅक होता असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते काकांना अजिबात पटलं नाही. तेव्हापासून बाहेरगावी मुक्काम बंद. (छातीत पहिल्यांदा दुखलं की आधी डॉक्टरच, हे सांगायलाच हवं. पॅनिक हा शब्द तपासण्या झाल्यावरचा आहे, घरबसल्या स्वतःला लावायचा नाही.)

बिकानेर निवडलं काकूंनी. त्यांना वाळवंट बघायचं होतं पण जैसलमेरला सीझनमध्ये जी झुंबड असते आणि तिथल्या सम गावच्या वाळूत कॅम्पवाले रात्री जो डीजे लावतात तो नको होता. त्या मानाने बिकानेर निवांत. जुन्या लाल दगडाच्या हवेल्या, गल्ल्या, तीन दिवस पाय मोकळे करायचे, बस. काका नाही म्हणाले नाहीत. ते प्लॅनिंगला लागले.

दुसऱ्या सेशनला लॅपटॉपच घेऊन आले. एक्सेलची फाइल, चार शीट. प्रवास, हॉटेल, बघायची ठिकाणं, आणि चौथं ‘इमर्जन्सी’. पहिली तीन मिळून एका स्क्रीनवर मावत होती, चौथं मी स्क्रोल करतेय करतेय, संपेचना. हॉटेलपासून हॉस्पिटल किती मिनिटं, रात्रीचं किती मिनिटं, जवळच्या देशनोक गावच्या रस्त्यावर कुठल्या किलोमीटरला मोबाइलला रेंज जाते. एका ओळीत लिहिलेलं, “जुनागढ किल्ला – चढ किती? दम?” आता जुनागढ हा राजस्थानातल्या त्या मोजक्या किल्ल्यांपैकी, जो डोंगरावर नाहीच. राजा रायसिंहाच्या काळात, १५८९ ते १५९४ मध्ये, चक्क सपाटीवर बांधलेला. आत जिने आहेत पण गड चढायची भानगड नाही. मी ते सांगितलं, काकांनी ओळ डिलीट केली आणि खाली नवीन टाइप केली, “आतले जिने?”

इथे माझी चूक सांगते. मला वाटलं माहिती दिली की माणूस शांत होईल. मी म्हटलं, अहो काका, बिकानेर म्हणजे काय वाळूतलं खेडं नाही, तिथं पीबीएम हॉस्पिटल आहे केवढं मोठं, त्याला जोडून सरदार पटेल मेडिकल कॉलेज आहे, ते १९५९ पासूनचं, पंजाबातनं लोक रेल्वेने तिथं कॅन्सरच्या ट्रीटमेंटला येतात. चेहरा एकदम खुलला त्यांचा. मीही खूश. तिसऱ्या दिवशी मेसेज, “मॅडम, पण तिथं रात्री हार्टचे सीनियर डॉक्टर असतात की फक्त शिकाऊ?”

म्हणजे मी दिलेला धीर दोन दिवस पुरला. घरचेही नेमकं हेच करतात, काही नाही होत हो तुम्हाला, आम्ही आहोत ना, आणि मग चिडतात की कितीदा सांगायचं. धीर दिला की भीती तेवढ्यापुरती बसते आणि पुढच्या वेळी जास्तीचा डोस मागते. त्यात तुमचंही चुकत नाही, तिचंही नाही, ती तशीच चालते.

खरी गोष्ट तिसऱ्या सेशनमध्ये बाहेर आली, तीही जाता जाता, चप्पल घालताना. म्हणाले, “खरं सांगू का, मला हॉस्पिटलची नाही तिथल्या शांततेची भीती वाटते.” मी म्हटलं बसा परत. घरी ते टीव्ही लावून झोपतात. पंखा थंडीतही फुल. कारण सगळं बंद झालं आणि कान उशीला टेकला की आतला ठोका ऐकू येतो, धप धप, आणि तो ऐकू आला की हे मोजायला लागतात, मोजायला लागले की तो वाढतो. आणि बायको म्हणतेय चला, जिथं रात्री काही म्हणजे काही ऐकू येत नाही अशा गावाला जाऊ!

डेव्हिड क्लार्क नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिकचं जे चक्र मांडलं ते हेच. शरीरात काहीतरी साधंच होतं, त्याचा अर्थ ‘संकट’ असा लागतो, त्या अर्थाने भीती, भीतीने धडधड अजून, आणि ती धडधड पुन्हा पुरावा. मधला जो अर्थ आहे ना, हात तिथं घालायचा असतो. नुसतं समजावून तो बदलत नाही, अनुभवच घ्यावा लागतो. म्हणून आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घेतलं आणि मग आम्ही ऑफिसातच मुद्दाम धडधड आणायला लागलो. जागच्या जागी एक मिनिट पळायचं, बसायचं, काही करायचं नाही. नाडी बघायची नाही, पाणी प्यायचं नाही, खिशातली सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावरची गोळी, चाचपायची नाही (हो, ती खिशात असायची, कुठल्याही डॉक्टरने न दिलेली, एका मित्राने “असू दे जवळ” म्हणून दिलेली. कायमची परत करायला लावली).

मग शांततेचा सराव. एसी बंद, पंखा बंद, फोन बाहेर, दहा मिनिटं गप्प बसायचं. काका म्हणाले भिंतीवरचं घड्याळ तरी राहू द्या. मी ते काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं, तर ड्रॉवरमधूनही टिकटिक यायला लागली, मग माझ्या ओढणीत गुंडाळून ठेवलं. चौथ्या मिनिटाला घाम फुटला त्यांना, हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट. सातव्याला बोटं सुटली. दहा झाल्यावर म्हणाले, “अजून ऐकू येतंय, पण आता कंटाळा आला ऐकून.” कंटाळा! मला तेव्हा उठून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, वाजवल्या नाहीत.

फाइलचं काम त्यानंतर. मी सगळं पुसा असं म्हटलं नाही, कारण प्लॅनिंग काही वाईट नसतं. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा ठरवलं, ही ओळ बिकानेरसाठी आहे की भीतीसाठी? भीतीची असेल तर पिवळी करायची. बीपीच्या गोळ्या पाच दिवस जास्तीच्या, ही बिकानेरची. डिसेंबर-जानेवारीत तिथं रात्री पारा पाच अंशांच्याही खाली जाऊ शकतो म्हणून थर्मल आणि मफलर, बिकानेरची. मे-जूनमध्ये पंचेचाळीसच्या वर जातं म्हणून तेव्हा नको, तीही. देशनोकच्या करणीमातेच्या देवळात अनवाणी जायचं आणि पायात उंदीर फिरतात म्हणून जुने मोजे, शंभर टक्के बिकानेरची. जवळच्या हॉस्पिटलचा एक नंबर, ठेवला. पण तीन हॉस्पिटलं, प्रत्येकाचे दोन रस्ते, रोज रात्री झोपायच्या आधी ऑक्सिमीटर लावून आकडा लिहायचा कॉलम? काकांनी स्वतःच पिवळा केला, बराच वेळ बघत बसले आणि मग डिलीट दाबलं. ऑक्सिमीटर न्यायचा की नाही यावर मात्र घासाघीस झाली, शेवटी न्यायचा पण काकूंच्या बॅगेत, तळाशी.

जैसलमेरची ओळ त्यांनी आधीच उडवली होती, कारण पुढचे जवळपास सव्वातीनशे किलोमीटर, फलोदी पोकरण असा मोकळा रस्ता. मी आग्रह केला नाही. सगळं एकाच ट्रिपमध्ये सर करायला गेलं की घोळ होतो. त्याऐवजी देशनोक ठेवलं, तीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन अर्धा दिवस. आणि रोजच्या दुपारी तीन तास कोरे, काहीच न लिहिलेले. काकांना ते रिकामे चौकोन सगळ्यात जड गेले.

तर गेले. पहिल्याच दिवशी व्हॉइस मेसेज, त्यात काका कमी आणि हॉर्न जास्त, कोटगेटजवळच्या रेल्वे फाटकाला अडकलेले, “मॅडम हे तुमचं शांत शहर!” संध्याकाळी जुन्या गावात फिरले. तिथं चौकाचौकात मोठे लाकडी पाटे मांडलेले असतात, बायाबापड्या झोपल्या की पुरुषमंडळी रात्री उशिरापर्यंत त्यावर गप्पा ठोकत बसतात, राजकारण, क्रिकेट, कुणाचं लग्न. काकांना कुणीतरी हाताला धरून बसवलं. अर्धं कळलं अर्धं नाही, पण तासभर बसले, आणि काकू समोरच्या ओट्यावर एका आजींशी लोणच्याचं बोलत बसल्या.

दुसऱ्या रात्री आलाच. पावणेतीनला जाग, तेच सगळं, मुंग्यांसकट. मला नंतर सांगत होते तेव्हाही हात छातीवर गेला त्यांचा. लाइट लावला नाही, बॅग उघडली नाही, खिडकीशी खुर्ची ओढून बसले. बाहेर कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. ठोका ऐकत बसले, म्हणे तुमच्या ओढणीतलं घड्याळ आठवलं. साधारण पंधरा-वीस मिनिटांत उतरलं, पाय गार पडले म्हणून मोजे घातले आणि झोपले.

सकाळी चहा घेताना काकूंना सांगितलं, अगदी मेडल मिळाल्यासारखं. काकू प्रचंड चिडल्या. एवढं झालं आणि मला उठवलं नाहीत? मी कशाला आहे मग? त्या दिवशी देशनोकला जाताना गाडीत दोघं बोलत नव्हते. परत आल्यावरचं पहिलं सेशन मी काकांसाठी ठेवलं होतं, ते अख्खं काकूंनी घेतलं. दीड वर्ष त्यांचीही झोप सावध होती, काका कुशीवर वळले तरी जाग यायची, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.